बिननावाच्या चिठ्ठ्या

यंत्रानं पडद्यावर बायकोचं नाव दाखवून विचारलं, हा कागद यांचाच आहे ना, तेव्हा कपाटकाकांनी आधी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती आणि भिंतीला टेकलेली रिकामी कपाटं. दुसरं कुणी नव्हतं. तरी कुणीतरी आपल्यावर डोळा ठेवून आहे असं त्यांना वाटत राहिलं. हे वाटणं आजचं नव्हतं. दूधवाल्यानं एखाद्या दिवशी माप जरा सढळ घातलं तरी काकांना त्यात पाणी दिसे, आणि शेजाऱ्यानं जिन्यात हसून चौकशी केली की आता हा काय मागणार, याचा घोर त्यांना दिवसभर लागे. पण ती माणसं तरी होती. माणूस बोलताना नजर चुकवतो, घसा खाकरतो, त्यावरून काही अंदाज बांधता येतो. यंत्राला नजरच नव्हती. ते कागद गिळायचं, पोटात एक पांढरा उजेड फिरवायचं आणि मग कपाटकाका जे काम उभं आयुष्य करत आले ते चुटकीसरशी करून मोकळं व्हायचं. कागदावरचं नाव वाचायचं, तारीख वाचायची, हा रक्ताचा रिपोर्ट की औषधाचा कागद हे ठरवायचं आणि त्या त्या पेशंटच्या फाइलमध्ये तो सारून द्यायचं. फक्त जिथं त्याला नक्की कळत नसे तिथं ते काकांना विचारी. पडद्यावर आधी कागद, त्याखाली 'बहुधा' हा शब्द, मग एक नाव, आणि तळाशी दोन चौकोन, हो आणि नाही. हा बहुधा काकांच्या डोक्यात जायचा. ज्याला सगळं माहीत असतं आणि समोरच्याच्या तोंडून काढून घ्यायचं असतं, तोच माणूस बहुधा म्हणतो, असा त्यांचा अनुभव होता.

कपाटकाका हे नाव त्यांना पेशंटांनीच दिलेलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत छतापर्यंत कपाटं आणि कपाटांच्या मधोमध हे. कोणाचा जुना कागद हवा असला की काउंटरवरच्या बाई मागं बघून हाक मारायच्या, आणि काका कुरकुरत उठून तो काढून द्यायचे, क्वचित दुसऱ्याचाही. गेल्या हिवाळ्यात यंत्र बसवणारे लोक आले, त्यांनी कपाटं जशी होती तशी उपसली, खोलीत बसून सगळ्या फायली यंत्राला भरवल्या आणि कपाटं रिकामी करून निघून गेले. आतापर्यंत यंत्र छापील कागद वाचत होतं. हातानं लिहिलेलं वाचायला त्याला याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि म्हणून दाराजवळच्या चिठ्ठ्यांचा डबा आज पहिल्यांदाच त्याच्यासमोर ओतला होता.

या चिठ्ठ्या थोरल्या डॉक्टरांची कल्पना. आत आल्यावर माणसांची दातखीळ बसते आणि ती हवापाण्यावर बोलत बसतात, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा बाकावर बसल्या बसल्या, काय होतंय ते आपल्या हातानं अर्ध्या कागदावर लिहायचं, वर नाव घालायचं आणि डब्यात टाकायचं. ज्यांना लाज वाटे ते नाव घालत नसत. तशी चिठ्ठी निघाली की थोरले डॉक्टर तिचं उत्तर दाराबाहेरच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहीत. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांनी घाबरू नये, एकदा दाखवून जावं. पायाला सूज येणाऱ्या बाईंनी उशीर करू नये. येणारे जाणारे थांबून वाचायचे, आणि अर्धी गल्ली ते उत्तर आपल्यालाच आहे असं समजून पाय चाचपायची. थोरले डॉक्टर थकले, त्यांची मुलगी त्यांच्या खुर्चीत बसली. डॉक्टरबाई हुशार, बोलायला गोड, पण घाईच्या. पहिलीच बिननावाची चिठ्ठी काकांनी त्यांच्यापुढं ठेवली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, नाव नसलेल्या कागदाचं मी काय करू, काका? काकांनी तो प्रश्न न समजता हुकूम समजला आणि मान हलवली. तेव्हापासून फळ्यावर 'आज दवाखाना बंद' याखेरीज काही लिहिलं गेलं नाही. डबा मात्र जागचा हलला नाही, आणि लोकांची सवयही.

पडद्यावर जी चिठ्ठी होती तिच्यावर नाव नव्हतं. मजकूर थोडाच होता. घास छातीत अडकतो. पाण्याच्या घोटानं उतरतो, आता पाण्यानंही लवकर उतरत नाही. घरात माहीत नाही. मी आधीच जेवून घेते म्हणजे कोणी बघत नाही. काकांनी तो दोनदा वाचला. गेले कित्येक दिवस ते घरी पोचत तेव्हा बायकोचं जेवण झालेलं असायचं. भूक लागली होती, बसले जेवून, असं ती म्हणायची आणि त्यांना वाढायची. लग्न झाल्यापासून जी बाई नवऱ्याच्या आधी पाण्याचा पेलासुद्धा तोंडाला लावत नव्हती, तिला एकाएकी भूक कशी लागायला लागली, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, पण ते भलत्याच दिशेनं गेलं होतं. ती दुपारी कोणाकडे तरी जात असेल, तिथं खात असेल. बहिणीकडे जाते म्हणते तिथं खरंच जाते का. सुनेचे फोन हल्ली आतल्या खोलीत जाऊन का घेते. एक दिवस त्यांनी खरकट्यात ठेवलेल्या तिच्या ताटलीला बोट लावून पाहिलं होतं. ती कोरडी होती. याचा अर्थ त्यांनी असा लावला की ती बाहेर जेवली.

त्यांना बायकोचं अक्षर आठवेना. आधी वाटलं, घाबरल्यामुळं होत असेल, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. दवाखान्यातल्या किती जणांची अक्षरं त्यांना डोळ्यांसमोर आणता आली. पेन्शनर मास्तरांचं उजवीकडे कललेलं, शिंपीणबाईंचं पेन रुतवून लिहिलेलं, त्या बडबड्या ड्रायव्हरचं, ज्याच्या ओळी कागदाबाहेर पळायच्या. बायकोचं अक्षर आलं नाही. तिनं त्यांना कधी पत्र लिहिलंच नव्हतं, कारण ती कुठं गेलीच नव्हती. किराण्याची यादी ती तोंडी सांगे. कुठल्याशा अर्जावर सही केली असेल, तीही त्यांनी बोट ठेवलं तिथं, आणि त्यांनी तेव्हा पाहिलं होतं ते बोट जागेवर आहे ना एवढंच. पडद्यावरची ती अक्षरं सुटी सुटी, जरा भित्री होती. ती कुणाचीही असू शकत होती. मग यंत्राला कसं कळलं? की काउंटरवरच्या बाईंनीच हे लिहून डब्यात टाकलं, म्हातारा अजून कागद नीट वाचतो की नुसतीच बोटं दाबतो ते बघायला? त्यांनी 'हो' दाबलं नाही, 'नाही'ही दाबलं नाही, पडदा तसाच ठेवून ते घरी गेले.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, उद्या काय काय आणायचंय ते लिहून दे, हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. ती म्हणाली, फोनवर सांगेन की. ते म्हणाले, लिहून दिलेलं बरं. तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी भाजीत बोट बुडवलं. ती समोर बसली होती, रिकामी, हात मांडीवर. तिच्या बांगड्या मनगटावरून खाली घसरल्या होत्या आणि ती त्या उगाच वर सारत होती. या बांगड्या पूर्वी तिथंच घट्ट बसायच्या. काका रोजच्यासारखं दवाखान्यातलं सांगायला लागले, कोणाच्या मूत्रपिंडाचं काय निघालं, कोणाची गाठ कशी निघाली, आणि सांगता सांगता मध्येच थांबले. ती म्हणाली, मग? ते म्हणाले, मग काही नाही. तिनं ताट उचललं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर पूर्वी तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, मीठ, साखर, असं काहीतरी, म्हणून ते पाणी प्यायच्या निमित्तानं तिथं गेले. डबे बदललेले होते. आतलं बाहेरून दिसेल असे, म्हणजे कशावर काही लिहायची गरजच नाही.

सकाळी ते वेळेआधीच दवाखान्यात पोचले आणि त्यांनी यंत्रावर बायकोची फाइल उघडली. एरवी ते कधी उघडत नसत. तिला आजारपण असं माहीत नव्हतं. पूर्वी कपाटात तिची फाइल सगळ्यात सडपातळ, हाताशी येणाऱ्या कप्प्यात होती. पडद्यावर ती फाइल उघडली आणि खाली सरकतच राहिली. कोणाच्या कानातून पाणी येत होतं, कोणाला चढ चढताना चक्कर येत होती, एकानं तर मिशीला खाज सुटते म्हणून लिहिलं होतं. सगळी वेगवेगळी अक्षरं आणि एकाही चिठ्ठीला नाव नाही. काका बघत राहिले आणि मग त्यांना हसू फुटलं. हे त्यांचंच काम होतं. डॉक्टरबाई काही करत नाहीत म्हटल्यावर बिननावाची चिठ्ठी टाकून कशी द्यायची, उद्या कोणी मागायला आलं तर काय, म्हणून ते तिच्या कोपऱ्यावर निळ्या पेन्सिलीनं खूण करायचे आणि हाताला लागणाऱ्या त्या सडपातळ फाइलमध्ये सरकवून द्यायचे. ती आपल्या घरचीच, तिच्या फाइलकडे कोण बघतंय. मागायला कधी कोणी आलं नाही, आणि ते विसरून गेले. यंत्र बसवणाऱ्यांनी सगळं जसंच्या तसं भरवलं आणि यंत्र त्यातून एवढंच शिकलं की ज्याला नाव नाही ते या बाईंचं. म्हणजे त्याला काहीच कळलं नव्हतं. ते कपाटकाकांचीच नक्कल करत होतं. काका खुर्चीत रेलले, चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि किती तरी दिवसांत पहिल्यांदा यंत्राकडे जरा मायेनं पाहिलं.

मग त्यांनी कालची चिठ्ठी पुन्हा समोर घेतली आणि 'नाही'वर बोट नेलं. बोट तिथंच राहिलं. नाही म्हटलं की हा कागद बेवारशी कागदांच्या ढिगात जाणार आणि तिथून त्याला कोणी वर काढणार नाही. ही बाई जी कोणी असेल तिचा घास अडकतच राहणार. तेवढ्यात काउंटरवरच्या बाई चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, काकू हल्ली येतात आणि आत न येताच जातात, तुमचं काही भांडण आहे का? काका म्हणाले, कुठं येतात? बाई म्हणाल्या, फळ्यापाशी. बाजारात जाताना थांबतात, फळा बघतात आणि जातात. मला वाटलं, तुम्हाला भेटायला आल्या असतील. कोरा फळा काय बघायचा? काकांनी चहा तसाच ठेवला, चष्मा घरी राहिला असं सांगितलं आणि ते निघाले.

रस्ताभर ते स्वतःशी भांडत होते. एक मन म्हणत होतं, ती तुझ्यावर पाळत ठेवायला येते, तू कामावर आहेस की नाही ते पाहून निवांत कुठं तरी जाते. दुसरं मन काही म्हणतच नव्हतं, ते नुसतं घशाशी येऊन बसलं होतं. आपलं आयुष्य गेलं लोकांच्या दुखण्यांचे कागद जागच्या जागी लावण्यात, आणि या एका माणसाचं काय कुठं आहे हे आपल्याला माहीत नाही, हे त्यांना इतकं लख्ख दिसलं की रस्ता ओलांडताना त्यांना गाडीचा भोंगाही ऐकू आला नाही. घराच्या दाराचं लॅच त्यांनी चोरासारखं, आवाज न करता उघडलं. त्या हळुवारपणाची त्यांना लाज वाटली, तरी त्यांनी दार लोटलंही तसंच.

ती ओट्यापाशी उभी होती. पुढ्यात वाटी, वाटीत दुधात भिजवलेला पाव. तिनं चमच्याच्या टोकावर जरासा घेतला, तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. तिचा हात छातीवर गेला आणि बोटं तिथं खालच्या खाली दाबत राहिली. मग तिनं पाण्याचा घोट घेतला आणि ती थांबून राहिली, मान किंचित वर करून. काकांना तो थांबण्याचा वेळ संपेल असं वाटेना. शेवटी तिनं श्वास सोडला, डोळे उघडले आणि ते दारात दिसले. ती दचकली नाही.

"चष्मा विसरला," काका म्हणाले.

"नाकावर आहे."

त्यांनी नाकाला हात लावला. मग ते खुर्ची ओढून बसले.

"ती चिठ्ठी तुझी आहे?"

तिनं वाटीवर झाकण ठेवलं. ते नीट बसलं नाही म्हणून पुन्हा ठेवलं.

"नाव का नाही घातलंस?"

"नाव घातलं असतं तर ती माझी म्हणून तुमच्याच हातात आली असती," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसवेना. "तुम्ही रोज जेवताना सांगता, याचं हे निघालं, तिचं ते निघालं. तुम्हाला वाईट वाटतं, ते कळतं मला. पण सांगताना तुमचा चेहरा असा होतो की ते माणूस संपलंच. मला तुमच्या हातातला कागद व्हायचं नव्हतं."

काका एवढंच म्हणाले की मग डॉक्टरांना कसं कळणार होतं कोणाचं ते. ती म्हणाली, फळ्यावर लिहितात ना. थोरले डॉक्टर लिहायचे. आपलं लग्न नवं होतं तेव्हा मी एकदा विचारलं होतं, तेव्हा आलं होतं की उत्तर. मूल होत नाही म्हणून बाईनं एकटीनं रडू नये, दोघांनी मिळून यावं. काकांना तो फळा आठवला. खडूची ती ओळ आठवली, आणि तिच्यापुढं उभं राहून गल्लीतल्या चार जणांबरोबर आपण हसलो होतो, तेही आठवलं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी तिला ती गंमत सांगितली होती. ती तेव्हा काय म्हणाली होती ते मात्र आठवलं नाही. पुढं मुलगा झाला, आपोआप झाला, आणि ती गोष्ट मागं पडली.

"आधीही एक टाकली होती," ती म्हणाली. "थंडी पडायच्या आधी. तेव्हा एवढं नव्हतं, नुसतं टोचल्यासारखं व्हायचं. रोज जाताना फळा बघायचे. काही आलं नाही. मग म्हटलं, घाबरण्यासारखं नसेल, म्हणून लिहिलं नसेल."

वाटीवरचं झाकण काढून काकांनी वाटी गरम करायला ठेवली, तर ती म्हणाली, गरम नको, गारच बरं उतरतं. हेही त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते दोघं बरोबर निघाले. ती सगळ्यांसारखी बाकावर बसली, तिनं अर्धा कागद मागून घेतला, पेन मागून घेतलं आणि वर आपलं नाव घातलं. काका समोर उभे राहून बघत होते. अक्षरं सुटी सुटी, जरा भित्री. तिनं कागद त्यांच्याकडे दिला नाही, उठून डब्यात टाकला, आणि हाक आल्यावर आत गेली. जाताना त्यांच्याकडे बघून तिनं मान हलवली, म्हणजे तुम्ही बाहेरच थांबा.

काका मागच्या खोलीत गेले. डॉक्टरबाईंनी फाइल उघडायच्या आत त्यातली सगळी परकी दुखणी बाहेर काढायला हवी होती. एकेक चिठ्ठी पडद्यावर येत होती आणि यंत्र विचारत होतं, ही यांचीच ना. नाही. ही यांचीच? नाही. कान, चक्कर, मिशी, कोणाचं तरी रात्री दचकून उठणं. काका नाही म्हणत गेले. यांतल्या कोणी कोणी फळा बघितला असेल, किती दिवस बघितला असेल, असं मनात यायला लागलं, पण थांबायला वेळ नव्हता. काल रस्त्यात घशाशी बसलेलं आता खाली उतरलं होतं आणि हाताला जड झालं होतं.

मग ती आली. सुटी सुटी अक्षरं. घास घेताना छातीत टोचल्यासारखं होतं. फार नाही. दाखवावं का? तारीख होती थंडीच्या कितीतरी आधीची. कोपऱ्यावर निळ्या पेन्सिलीची खूण होती, नेटकी, जराही न थरथरलेली. काकांनी ही चिठ्ठी हातात घेतली होती, वाचली होती, खूण केली होती आणि बायकोच्या दुखण्याची चिठ्ठी बायकोच्याच फाइलमध्ये कोणाची तरी म्हणून ठेवून दिली होती. नंतर ते घरी गेले असतील, जेवले असतील. तिनं वाढलं असेल. आणि आपली नुसती नक्कल करतंय म्हणून ज्याला ते काल हसले होते, त्या यंत्रानं हे अक्षर ओळखलंही असेल, कोण जाणे.

यंत्र विचारत होतं. नाही म्हटलं की ही चिठ्ठी इतरांच्या मागोमाग ढिगात जाईल आणि कोणाला काही कळणार नाही. बायकोनं डॉक्टरबाईंना सांगितलं तरी चिठ्ठी हरवली असं म्हणता येईल. डब्यातल्या चिठ्ठ्या हरवतात, कागदच तो, दगड थोडाच आहे. काकांनी दाराकडे पाहिलं. मागं वळून भिंतीकडेही पाहिलं. आज खरंच कोणी बघत नव्हतं.

आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला. आवाज रोजच्यासारखा घाईचा नव्हता.

"काका, हा त्रास किती दिवसांचा आहे? काकूंना नीट सांगता येत नाहीये. फाइलमध्ये आधीचं काही आहे का?"

काकांनी घसा खाकरला. बोट उचललं आणि 'हो'वर ठेवलं.

"आहे," ते म्हणाले. "माझ्याकडेच होतं."